नोकरीत आलेले अपंगत्व आणि सेवासमाप्ती : भारतातील कायदेशीर संरक्षणाचा इतिहास (१९२३ ते २०२५)

अपंग व्यक्तींच्या रोजगाराविषयी आपल्याकडे जे लेखन झाले आहे, त्यातील बहुतांश आरक्षणासंबंधी आहे. तीन टक्के जागा राखीव होत्या, त्या चार टक्के झाल्या, किती भरल्या, किती रिक्त राहिल्या, यांची चर्चा परिसंवादांतून व शोधनिबंधांतून वारंवार होते. ही चर्चा आवश्यकच आहे. परंतु तिचा सारा रोख नोकरीच्या प्रवेशद्वारावर आहे. जो मनुष्य धडधाकट म्हणून नोकरीत शिरला, दहा-वीस वर्षे राबला आणि मग ज्याचा पाय गेला, दृष्टी गेली, ऐकू येईनासे झाले किंवा मन आजारी पडले, त्याचे काय होते, हा प्रश्न त्या मानाने उपेक्षित राहिला. त्याला राखीव जागा नको असते. आहे ती नोकरी टिकवायची असते. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या प्रश्नाचा, म्हणजे अपंगत्वाच्या कारणावरून होणाऱ्या सेवासमाप्तीविरुद्ध भारतीय कायद्याने कोणते संरक्षण दिले, ते केव्हा दिले आणि कोणाला नाकारले, याचा ऐतिहासिक मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

या इतिहासातून एक गोष्ट ठळकपणे दिसते. संरक्षण मिळणे वा न मिळणे हे कर्मचाऱ्याच्या अपंगत्वाच्या स्वरूपावर जितके अवलंबून राहिले, तितकेच, किंबहुना त्याहून अधिक, मालक कोण आहे यावर अवलंबून राहिले. सरकारी बस चालवणाऱ्याचे डोळे अधू होणे आणि खाजगी ट्रक चालवणाऱ्याचे डोळे अधू होणे या वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने समान घटना आहेत; कायद्याच्या दृष्टीने नाहीत.

येथे विचारात घेतलेल्या न्यायनिर्णयांतील कर्मचाऱ्यांची नावे मुद्दाम दिलेली नाहीत. ती निर्णयसंग्रहांत छापलेली आहेत. पण आपल्या शरीराविषयीच्या एका वादामुळे आपले नाव कायमचे एखाद्या दाखल्याचे शीर्षक व्हावे, असे त्यांपैकी कोणाला वाटले असेल असे मानण्याचे कारण नाही.

अवयवाचे मूल्य

ब्रिटिश अमदानीत या विषयाचा पहिला महत्त्वाचा कायदा म्हणजे कामगार नुकसानभरपाई अधिनियम, १९२३. तो १ जुलै १९२४ पासून अमलात आला. कामाच्या ओघात व कामामुळे घडलेल्या अपघाताबद्दल मालकाने भरपाई द्यावी, त्यासाठी मालकाची चूक सिद्ध करण्याची गरज नाही, हे तत्त्व या कायद्याने भारतात प्रथम व्यापक प्रमाणावर आणले. मुंबईच्या गिरण्यांतील साचे, पट्टे आणि चाके ज्यांच्या बोटांचा घास घेत होती त्यांच्या दृष्टीने ही मोठीच गोष्ट होती.

मात्र या कायद्याची पहिली अनुसूची वाचताना आजच्या वाचकाला थोडे अस्वस्थ वाटते. तीत अवयवांची यादी आहे आणि प्रत्येकापुढे कमाईच्या क्षमतेत होणाऱ्या घटीची टक्केवारी आहे. मूळ अनुसूचीत उजवा हात कोपरापासून वा त्याच्या वर गेला तर सत्तर टक्के, डावा गेला तर साठ टक्के, एक डोळा गेल्यास तीस टक्के, अंगठा गेल्यास पंचवीस टक्के, असा हिशेब होता. कायमच्या संपूर्ण असमर्थतेसाठी बेचाळीस महिन्यांचे वेतन किंवा ३,५०० रुपये, यांपैकी जी कमी असेल ती रक्कम मिळे. मृत्यूसाठी तीस महिन्यांचे वेतन किंवा २,५०० रुपये, यांपैकी कमी असेल ती. म्हणजे महिना तीस रुपये मिळवणाऱ्या कामगाराचा उजवा हात गेला, तर बेचाळीस महिन्यांच्या वेतनाच्या, म्हणजे १,२६० रुपयांच्या सत्तर टक्के, ८८२ रुपये त्याच्या पदरात पडत. डावा गेला तर ७५६. डावखुऱ्या कामगाराचा विचार अनुसूचीने केलेला दिसत नाही.

या सगळ्या हिशेबात एक गोष्ट मात्र कोठेही नव्हती : त्या कामगाराची नोकरी. भरपाई दिली की मालकाचे उत्तरदायित्व संपले. हात गमावलेल्याला त्याच गिरणीत दुसरे एखादे काम द्यावे, दारावर बसवावे, हजेरी लिहायला लावावे, असे कोणतेही बंधन कायद्याने घातले नाही. काही मालक असे करीत. ते त्यांचे औदार्य होते. कायद्याच्या लेखी नोकरी हा करार होता आणि ज्याला करार पाळणे शक्य नाही त्याच्याशी तो संपवणे यात वावगे काही नव्हते.

युरोपात याच सुमारास निराळा विचार सुरू झाला होता आणि त्यामागे महायुद्ध होते. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत १९२० च्या दशकाच्या आरंभी झालेल्या कायद्यांनी गंभीर स्वरूपाचे अपंगत्व आलेल्या युद्धपीडितांना व अपघातग्रस्त कामगारांना नोकरीवर ठेवण्याचे बंधन मालकांवर घातले आणि अशा व्यक्तीला काढायचे तर कल्याण कार्यालयाची पूर्वसंमती आवश्यक केली. हे तत्त्व जर्मन कायद्यात आजही आहे. ब्रिटनने दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४ मध्ये, अपंग व्यक्ती (रोजगार) कायदा केला. वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या मालकांना अपंगांचे ठरावीक प्रमाण राखावे लागे आणि ते प्रमाण घटणार असेल तर नोंदणीकृत अपंग कर्मचाऱ्याला वाजवी कारणाशिवाय काढता येत नसे. दोन्ही महायुद्धांत भारतीय सैनिक मोठ्या संख्येने लढले आणि जायबंदी झाले, पण या विचाराचा स्पर्श त्या काळातील भारतीय कामगार कायद्यांना झाला नाही.

'आजारपण' या शब्दाचा विस्तार

स्वातंत्र्यानंतरच्या कामगार कायद्यांत सेवासुरक्षेची भाषा आली. तथापि अपंगत्वाच्या प्रश्नावर तिने बगल दिली असेच म्हणावे लागेल. कर्मचारी राज्य विमा अधिनियम, १९४८ च्या कलम ७३ ने आजारपणाचा लाभ घेत असलेल्या किंवा उपचार चालू असलेल्या कामगाराला त्या काळात कामावरून काढण्यास मनाई केली. ही तरतूद मोलाची होती. पण अपंगत्वाच्या बाबतीत तिचे शब्द नेमके होते : हे संरक्षण तात्पुरत्या असमर्थतेचा लाभ मिळत असेपर्यंतच. असमर्थता कायमची ठरली की ढाल गळून पडे. ज्या क्षणी कामगाराला संरक्षणाची सर्वाधिक गरज, त्याच क्षणी ते संपे.

औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ मध्ये १९५३ साली झालेली दुरुस्ती याहून परिणामकारक ठरली. तिने कामगार कपातीची व्याख्या केली. कपात केल्यास पूर्वसूचना द्यावी लागे आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचे सरासरी वेतन भरपाई म्हणून द्यावे लागे. परंतु याच व्याख्येतून काही प्रकार वगळले होते आणि त्यांतील एक होता 'सततच्या अनारोग्याच्या कारणावरून' केलेली सेवासमाप्ती. म्हणजे गिरणीत मंदी आहे म्हणून काढलेल्या धडधाकट कामगाराला भरपाई. प्रकृती ढासळली म्हणून काढलेल्याला कपातीची भरपाईही नाही. आजारपण आणि अपंगत्व या दोन भिन्न अवस्था आहेत, हे त्या काळी कायदा करणाऱ्यांना जाणवले नसावे. पाय कापलेला मनुष्य आजारी नसतो. पण 'अनारोग्य' या एका शब्दाच्या छत्राखाली दोघांनाही बसवण्यात आले आणि पुढील कित्येक दशके मालकांनी त्याचा आधार घेतला.

सरकारी नोकरांची स्थिती वरवर पाहता भक्कम होती. संविधानाच्या अनुच्छेद ३११ नुसार चौकशीशिवाय त्यांना बडतर्फ करता येत नाही. मात्र हे संरक्षण शिक्षेविरुद्धचे आहे. वैद्यकीय मंडळाने कायमचा अपात्र ठरवलेल्या कर्मचाऱ्याला निवृत्त करणे ही शिक्षा मानली गेलीच नाही. केंद्रीय नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९७२ मधील नियम ३८ प्रमाणे त्याला रुग्णता निवृत्तिवेतन मिळे आणि प्रकरण मिटे. आरोप नाही, चौकशी नाही, म्हणून दादही नाही. शिस्तभंग करणाऱ्याला आपली बाजू मांडण्याची जी संधी होती, ती अपघातात पाय गमावणाऱ्याला नव्हती, ही विसंगती फारशी कोणाच्या लक्षात आली नाही.

रेल्वेचा अपवाद येथे नोंदवला पाहिजे. इंजिनचालकापासून गँगमनपर्यंत प्रत्येक पदासाठी रेल्वेने दृष्टीचे व शरीरस्वास्थ्याचे वैद्यकीय वर्ग ठरवलेले आहेत. ठरावीक काळाने होणाऱ्या तपासणीत एखादा कर्मचारी आपल्या वर्गात बसेनासा झाला, तर त्याला 'मेडिकली डीकॅटेगराइज्ड' म्हणतात. वरच्या वर्गात अपात्र ठरलेला मनुष्य खालच्या वर्गात पात्र असू शकतो आणि म्हणून त्याला पर्यायी काम शोधून द्यावे, ही पद्धत रेल्वेच्या आस्थापना संहितेत १९९५ च्या कायद्याच्या बऱ्याच आधीपासून होती. ती परिपूर्ण नव्हती. पर्यायी पद न मिळाल्यास नोकरी जाई. तरीही 'हा मनुष्य या कामास अपात्र' आणि 'हा मनुष्य कामास अपात्र' या दोन विधानांतील फरक रेल्वेला कळला होता. पुढे संसदेने जे केले त्याचे बीज एका अर्थी या रुक्ष नियमावलीत होते.

बसचालकांचा खटला

न्यायालयांच्या भूमिकेत बदल झाला तो १९९० मध्ये. राजस्थान राज्य मार्ग परिवहन महामंडळाने काही बसचालकांची दृष्टी आवश्यक प्रमाणापेक्षा कमी झाल्याचे आढळल्यावर त्यांची सेवा संपुष्टात आणली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. चालकांचे म्हणणे असे की ही कपात आहे आणि कपातीची प्रक्रिया पाळली गेलेली नाही. महामंडळाचे उत्तर ठरलेले होते : दृष्टिदोष म्हणजे सततचे अनारोग्य, म्हणून ही कपात नव्हे.

मूळचे मुंबईचे आणि मराठी वाचकांस सुपरिचित असलेले न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी लिहिलेला हा निर्णय दोन पायऱ्यांत वाचावा लागतो. पहिल्या पायरीवर चालक हरले. 'अनारोग्य' या शब्दाचा अर्थ विशिष्ट कामाच्या संदर्भात लावला पाहिजे, चालकाच्या बाबतीत दृष्टी अधू होणे हे त्यात बसते, असे न्यायालयाने म्हटले. कायद्याचे शब्द पाहता दुसरे काही म्हणणे कठीण होते. पण निर्णय तेथे थांबला नाही. वर्षानुवर्षे रात्रंदिवस बस चालवल्याने ज्यांचे डोळे झिजले, त्यांना त्या झिजेच्या कारणावरून इतर कोणत्याही निवृत्त कर्मचाऱ्याप्रमाणे, किंबहुना त्याहून वाईट रीतीने, घरी पाठवणे अन्यायकारक आहे, हा विचार दुसऱ्या पायरीवर आला. महामंडळाने त्यांना जमेल असे पर्यायी काम उपलब्ध असल्यास द्यावे. नसेल तर निवृत्तीच्या लाभांखेरीज अधिक भरपाई द्यावी, असा आदेश झाला.

या भरपाईचे कोष्टक लक्षपूर्वक पाहण्याजोगे आहे. पाच वर्षांपर्यंत सेवा झालेल्याला उरलेल्या सेवेच्या प्रत्येक वर्षामागे सात दिवसांचे वेतन, दहा वर्षांपर्यंत पंधरा दिवसांचे, पंधरा वर्षांपर्यंत एकवीस दिवसांचे, वीस वर्षांपर्यंत एक महिन्याचे आणि त्याहून अधिक सेवा झालेल्याला दोन महिन्यांचे. १९२३ च्या अनुसूचीत मोजमाप अवयवाचे होते. येथे ते गेलेल्या सेवेचे आणि हुकलेल्या सेवेचे आहे. जितकी वर्षे दिली तितका दर चढा, आणि जितकी वर्षे हिरावली तितकी रक्कम मोठी. नोकरी ही केवळ चालू महिन्याच्या पगाराची बाब नसून आयुष्यभराच्या अपेक्षेची बाब आहे, हे या कोष्टकाने अंकांत मांडले. १९९४ मध्ये हरियाणातील वीज मंडळाच्या, आजारामुळे उजवा हात कापावा लागलेल्या एका कर्मचाऱ्याला लिपिकाचे पद देताना त्याचे पूर्वीचे वेतन कायम राखावे, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आणि त्याचा आधार अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्कात शोधला.

कलम ४७

स्वतंत्र कायद्याची मागणी ऐंशीच्या दशकापासून होत होती. न्यायमूर्ती बहारुल इस्लाम यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८८ मध्ये तशी शिफारस केली होती. डिसेंबर १९९२ मध्ये बीजिंग येथे झालेल्या परिषदेत आशिया व पॅसिफिक प्रदेशासाठी अपंग व्यक्तींचे दशक (१९९३ ते २००२) घोषित झाले. त्या घोषणेशी भारताने बांधिलकी स्वीकारली आणि जावेद अबिदी यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी दिल्लीत रेटा लावला. अखेर डिसेंबर १९९५ मध्ये संसदेने अपंग व्यक्ती (समान संधी, हक्कांचे संरक्षण आणि संपूर्ण सहभाग) अधिनियम संमत केला. तो ७ फेब्रुवारी १९९६ पासून अमलात आला.

या कायद्यातील कलम ३३ चे तीन टक्के आरक्षण सर्वांना माहीत झाले. कलम ४७ कडे प्रारंभी फार थोड्यांचे लक्ष गेले. त्याचा आशय असा : सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला कोणतीही आस्थापना सेवेतून काढणार नाही अथवा त्याची पदावनती करणार नाही. तो आपल्या पदास योग्य राहिला नसेल तर त्याच वेतनश्रेणीत व त्याच सेवालाभांसह त्याला दुसऱ्या पदावर नेता येईल. दुसरे पदही नसेल तर योग्य पद मिळेपर्यंत किंवा नियत वयाला निवृत्त होईपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोवर, त्याला अधिसंख्य पदावर ठेवता येईल. केवळ अपंगत्वाच्या कारणावरून पदोन्नती नाकारता येणार नाही. कामाचे स्वरूप पाहून एखाद्या आस्थापनेला अधिसूचनेद्वारे सूट देण्याचा अधिकार शासनाकडे राहिला.

'अधिसंख्य पद' हा प्रशासनातील कोरडा शब्द आहे; मंजूर संख्येहून अधिक निर्माण केलेले पद, इतकाच त्याचा अर्थ. पण कलम ४७ मध्ये त्याने क्रांती केली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही. 'आमच्याकडे जागा नाही' हे मालकाचे शेवटचे उत्तर त्याने निकालात काढले. १९९० च्या निर्णयातही पर्यायी काम उपलब्ध असल्यासच द्यायचे होते. आता उपलब्ध नसेल तर ते निर्माण करायचे होते.

या कलमाचा पहिला मोठा कस लागला तो २००३ मध्ये. विशेष सेवा विभागातील एका जवानाच्या डाव्या पायाला कर्तव्यावर असताना इजा झाली, त्यात कोथ होऊन पाय कापावा लागला आणि नोव्हेंबर १९९८ मध्ये वैद्यकीय मंडळाच्या मतानुसार त्याला सेवेतून मुक्त करण्यात आले. त्याला रुग्णता निवृत्तिवेतन मिळत होते; तेव्हा प्रश्न मिटला, अशी शासनाची भूमिका होती. न्यायमूर्ती शिवराज पाटील व न्यायमूर्ती अरिजित पसायत यांच्या खंडपीठाने ती मान्य केली नाही. कलम ४७ ची भाषा आज्ञार्थी आहे. नोकरी शोधणारा अपंग उमेदवार आणि नोकरीत अपंगत्व आलेला कर्मचारी यांचा विचार कायद्याने स्वतंत्र प्रकरणांत केला आहे. निवृत्तिवेतन मिळते म्हणून हे संरक्षण लोपत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. अपंगत्व कोणी हौसेने ओढवून घेत नाही आणि त्याचा घाव त्या व्यक्तीइतकाच तिच्यावर अवलंबून असणाऱ्यांना बसतो, हा विचारही त्यात होता. रुग्णता निवृत्तिवेतनाच्या आडून होणारी शांत सेवासमाप्ती या निर्णयानंतर बेकायदेशीर ठरली.

कायदा असणे आणि तो कचेरीच्या टेबलापर्यंत पोहोचणे यांत मात्र अंतर असते. जानेवारी २००८ मध्ये निकाल लागलेले पंजाब राज्य विद्युत मंडळाचे प्रकरण या अंतराची साक्ष देते. प्रस्तुत लेखकाच्या मते या विषयाच्या अभ्यासकाने एकच निकालपत्र वाचायचे ठरवले तर ते हे असावे. मंडळाच्या सेवेतील एक लाईनमन १९९४ मध्ये पूर्णतः अंध झाला. तो चतुर्थ श्रेणीतील कर्मचारी होता. कामावर येत नाही म्हणून त्याच्यावर आरोपपत्र बजावण्यात आले. त्याला उत्तर देताना जुलै १९९६ मध्ये त्याने लिहिले की आपली दृष्टी गेली आहे, आपल्याला निवृत्त करावे आणि आपल्या जागी पत्नीला काम द्यावे. तोवर कलम ४७ लागू होऊन पाच महिने झाले होते. मंडळाने पत्रातील पहिली मागणी तेवढी मान्य केली आणि मार्च १९९७ मध्ये त्याला निवृत्त केले. पत्नीच्या नोकरीचा प्रश्नच आला नाही.

मंडळाने स्वतःच सादर केलेल्या कागदपत्रांवरून न्यायालयाला दिसले की काही अधिकाऱ्यांना कायद्याची कल्पना होती. तरी काम न करणाऱ्या अंध माणसाला दरमहा पगार देणे योग्य नाही असे त्यांना वाटले, आणि त्याने आपण होऊन निवृत्ती मागितली असल्याची त्यांनी एकमेकांची समजूत घातली. न्यायमूर्ती आफताब आलम यांनी लिहिलेल्या निकालपत्रात या वृत्तीवर कठोर टीका आहे. डोळे गेलेला, कायद्याने दिलेल्या संरक्षणाची माहिती नसलेला, संसार उघड्यावर पडेल या भीतीने ग्रासलेला मनुष्य जे लिहितो, ते स्वेच्छानिवृत्तीचे पत्र म्हणून वाचता येणार नाही. उलट त्याला त्याचे हक्क समजावून सांगणे हे वरिष्ठांचे कर्तव्य होते, असे न्यायालयाने म्हटले आणि त्याला कलम ४७ चे सर्व लाभ देवविले.

हा मुद्दा कायद्याच्या पुस्तकांत सहसा दुय्यम मानला जातो, पण इतिहासाच्या दृष्टीने तो कळीचा आहे. अपंगत्वामुळे जाणाऱ्या नोकऱ्यांतील कित्येक 'काढून टाकल्या' म्हणून नोंदल्याच जात नाहीत. त्या राजीनामा, ऐच्छिक निवृत्ती, वारसाला नोकरी अशा नावांनी दफ्तरी जमा होतात. कागदावर सही कर्मचाऱ्याचीच असते.

'प्रस्थापित' या शब्दाचा अर्थ

येथवर आलेले सर्व मालक सरकारी वा निमसरकारी आहेत, हे वाचकाच्या ध्यानात आले असेल. खाजगी मालकाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे निर्णायक रीतीने आला तो महाराष्ट्रातून.

एका खाजगी अभियांत्रिकी कंपनीत दोन दशकांहून अधिक काळ टेलिफोन ऑपरेटर असलेल्या कर्मचाऱ्याची श्रवणशक्ती सुमारे पंच्याऐंशी टक्के घटली आणि ३१ डिसेंबर २००० पासून त्याची सेवा संपवण्यात आली. त्याने पुण्यातील अपंग कल्याण आयुक्तांकडे तक्रार केली. कंपनी खाजगी असल्याने आदेश देता येत नाही, परंतु सामाजिक जबाबदारी म्हणून तिने त्याला पुन्हा कामावर घ्यावे, असे आयुक्तांनी ऑक्टोबर २००१ मध्ये सुचवले. कंपनीने ते मानले नाही. मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २००५ मध्ये कर्मचाऱ्याच्या बाजूने निकाल दिला. कलम ४७ मधील 'आस्थापना' या संज्ञेत 'केंद्रीय, प्रांतिक किंवा राज्य अधिनियमाद्वारे वा त्याखाली प्रस्थापित झालेले निगम' येते. कंपनी ही कंपनी अधिनियमाखालीच अस्तित्वात येते. म्हणून तीही आस्थापनाच, असे उच्च न्यायालयाचे तर्कशास्त्र होते.

३१ मार्च २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा निर्णय फिरवला. न्यायमूर्ती आर. व्ही. रवींद्रन यांनी 'प्रस्थापित होणे' व 'निगमित होणे' यांत भेद केला. स्टेट बँक वा आयुर्विमा महामंडळ यांसारखी संस्था अधिनियमाने प्रस्थापित होते, तिचे अस्तित्वच त्या अधिनियमातून येते. कंपनी मात्र काही व्यक्ती मिळून काढतात आणि कंपनी अधिनियमानुसार तिची नोंदणी होते. शिवाय व्याख्येत शासकीय कंपन्यांचा निराळा उल्लेख आहे. सर्वच कंपन्या आधीच्या शब्दांत येत असत्या तर तो उल्लेख निरर्थक ठरला असता. व्याकरण व व्याख्याशास्त्राच्या कसोटीवर हा युक्तिवाद खोडणे अवघड आहे. मात्र त्याचा परिणाम असा की देशातील खाजगी क्षेत्रातील कामगारांचे मालक एका कृदन्ताच्या आधारे कलम ४७ च्या बाहेर राहिले. न्यायालयाला दोष देण्यापेक्षा १९९५ च्या संसदेने खाजगी मालकांविषयी मौन का पाळले, हे विचारणे अधिक सयुक्तिक होईल.

याच्या उलट उदाहरण मुंबईचेच आहे. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका सार्वजनिक महामंडळातील हंगामी कामगाराच्या प्रकरणात, केवळ एच.आय.व्ही. बाधित असल्याच्या कारणावरून काम नाकारता येणार नाही, ती व्यक्ती काम करण्यास समर्थ आहे काय आणि इतरांना खरोखर धोका आहे काय हे पाहिले पाहिजे, असे ठरवले. न्यायालयाने कामगाराचे नाव गुप्त राखण्यास परवानगी दिली. म्हणून निर्णयाचे शीर्षक केवळ इंग्रजी अक्षरांचे आहे. या तत्त्वाचे पुढे एच.आय.व्ही. व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, २०१७ मध्ये कायद्यात रूपांतर झाले. तो सप्टेंबर २०१८ मध्ये अमलात आला. त्यानुसार खाजगी असो वा सरकारी, कोणत्याही मालकाला बाधित व्यक्तीस काढायचे असेल तर स्वतंत्र वैद्यकीय तज्ज्ञाचा लेखी अहवाल आणि वाजवी सोय करणे आपल्याला का परवडत नाही याचे लेखी निवेदन द्यावे लागते. असे बंधन बहिऱ्या टेलिफोन ऑपरेटरच्या मालकावर मात्र नव्हते.

२०१६ नंतर

भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या अपंग व्यक्तींच्या हक्कविषयक संहितेस अनुसमर्थन दिले. तिच्या अनुच्छेद २७ मध्ये नोकरी मिळण्याबरोबर नोकरी चालू राहण्यातील भेदभावासही मनाई आहे. या संहितेला अनुसरून झालेला दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस झाले. खाजगी आस्थापना ही संज्ञा कायद्यात प्रथमच अवतरली. तिने समान संधी धोरण जाहीर करावे असे ठरले. कलम ३ मध्ये भेदभावास सर्वसाधारण मनाई आली. परंतु जुन्या कलम ४७ चा वारसा सांगणाऱ्या कलम २०(४) चे कर्ते पद वाचावे : 'कोणतीही शासकीय आस्थापना'. २०१० च्या निकालाने दाखवलेली फट संसदेने बुजवली नाही. जाणीवपूर्वक तशीच ठेवली. खाजगी क्षेत्रातील कर्मचाऱ्याला कलम ३ चा आधार घेऊन लढता येते, पण त्या कलमातच कायदेशीर उद्दिष्टासाठी प्रमाणशीर उपाय असल्यास भेद चालेल, असा अपवाद आहे. अधिसंख्य पदाचा हुकमी आधार त्याला नाही.

शासकीय क्षेत्रात मात्र न्यायालये पुढे गेली. केंद्रीय राखीव पोलीस दलातील लढाऊ कर्मचाऱ्यांना २००२ च्या अधिसूचनेने कलम ४७ मधून वगळले होते. या दलातील मनोविकाराने ग्रस्त अधिकाऱ्यावर वर्तनाबद्दल शिस्तभंगाची कारवाई सुरू झाली होती. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलेल्या १७ डिसेंबर २०२१ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की ज्या वर्तनामागे मानसिक अपंगत्व हे एक कारण असेल, त्या वर्तनाबद्दल शिस्तभंगाची कारवाई करणे हाच भेदभाव होय. अपंगत्व एकमेव कारण असण्याची आवश्यकता नाही. तुटलेला पाय दिसतो. विस्कटलेले मन कार्यालयात बेशिस्त म्हणून दिसते, आणि आजवर अशा कित्येकांची सेवा 'गैरवर्तन' या सदराखाली संपली असणार.

१ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयासमोर पुन्हा एक बसचालक होता, यावेळी तेलंगणातला. तो २०१४ मध्ये सेवेत आला. नियमित तपासणीत त्याला रंगांधत्व असल्याचे आढळले आणि जानेवारी २०१६ मध्ये वैद्यकीय कारणावरून त्याला निवृत्त करण्यात आले. रंगांधत्व १९९५ च्या कायद्यातील अपंगत्वाच्या व्याख्येत बसत नव्हते, म्हणून कलम ४७ त्याच्या थेट उपयोगी नव्हते. त्याच्या मदतीला आला तो १७ डिसेंबर १९७९ चा एक कागद : महामंडळ आणि कामगार संघटना यांच्यातील समझोता. रंगांधत्व आढळलेल्या चालकाला पर्यायी काम द्यावे, असे त्याच्या एका कलमात लिहिलेले होते. नंतरच्या परिपत्रकांनी ते रद्द होत नाही, पर्यायी काम खरोखर शोधले होते हे दाखवण्याची जबाबदारी मालकाची आहे, असे ठरवून न्यायालयाने त्याला योग्य पदावर घेण्याचा आणि थकित वेतनापैकी पंचवीस टक्के देण्याचा आदेश दिला. कलम ४७ लिहिले जाण्याच्या सोळा वर्षे आधी, कोणत्याही आंतरराष्ट्रीय घोषणेचा आधार नसताना, वाटाघाटीच्या टेबलावर बसलेल्या संघटनेच्या प्रतिनिधींनी ते कलम लिहून घेतले होते.